तळघरात ठेवलेला मामा

माझ्या मामाला आमच्या घराण्याने तळघरात ठेवलं, त्याला कारण त्याचं तोंड. चेहऱ्याबद्दल म्हणत नाही मी. चेहरा बरा होता, नाक तर आमच्या सगळ्यांत सरळ. पण त्या तोंडातून खोटं म्हणून निघत नसे. लोकांना खोटं बोलायला लाज वाटते, भीती वाटते. मामाला ते सुचतच नसे.

आमचं घराणं बुडबुड्यांचं. म्हणजे फेसाळणारी वाइन करणाऱ्यांचं. उतारावर द्राक्षांचे मळे, मळ्यांच्या पायथ्याशी घर, आणि घराच्या खाली खडकात खोदलेलं लांबच लांब तळघर. वरच्या मजल्यावर कुणी जोरात शिंकलं तरी आजोबा बोट ओठांवर ठेवून म्हणायचे, "हळू! खाली बाटल्या झोपल्यात."

मामा विशीतला असताना आजोबांनी त्याला पुढच्या खोलीत, गिऱ्हाइकांसमोर उभा केला. मुलगा दिसायला नीटनेटका, हात चपळ, पेला पुसून लख्ख करायचा. पहिल्याच आठवड्यात एक मोठा हॉटेलवाला आला. आजोबांनी त्याला पेला भरून दिला, स्वतः दोन कौतुकाचे शब्द बोलले आणि आजीला हाक मारायला आत गेले. हॉटेलवाल्याने आपलं सहज, काहीतरी बोलायचं म्हणून मामाला विचारलं, "काय, यंदाची कशी आहे?"

"गेल्या वर्षीची बरी होती," मामा म्हणाला. "हिची द्राक्षं कच्ची राहिली होती. आमची आई एक घोट डोळे मिटून घेते आणि बाकीची दारातल्या झाडाला घालते."

"असं? आणि झाड कसं आहे?"

"वाळलं."

हॉटेलवाला पोट धरून हसला. हसून झाल्यावर त्याने मागच्या वर्षीची वाइन मागितली, जी शिल्लकच नव्हती, आणि निघून गेला. आजोबा बाहेर आले, रिकाम्या खोलीकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, आणि म्हणाले, "याला खाली ठेवा. काय सांगायचं ते बाटल्यांना सांगू दे."

असा मामा खाली गेला. आणि खालीच राहिला.

खाली काम काय, तर बाटल्या फिरवायच्या. हे नीट सांगायला हवं, नाहीतर लोकांना वाटतं मी थट्टा करतेय. आमची वाइन दोनदा आंबते. पहिल्यांदा टाकीत, सगळ्यांच्या देखत. दुसऱ्यांदा बाटलीत, बंद झाकणाआड. बाटली भरताना तीत थोडी साखर आणि थोडं यीस्ट घालतात आणि वर पत्र्याचं झाकण दाबून बसवतात. यीस्ट साखर खातं, त्यातून वायू होतो, वायूला बाहेर जायला वाट नाही, म्हणून तो मुकाट वाइनमध्ये मुरतो. "संसारासारखंच आहे," असं बाबा म्हणायचे, पण आई खोलीत नसताना. साखर संपली की यीस्टही संपतं आणि त्याचा गाळ तळाशी बसतो. या गाळाच्या संगतीत वाइन वर्षानुवर्षं पडून राहिली की तिला नुकत्याच भाजलेल्या पावासारखा वास येतो. तो वास म्हणजे आमची सगळी इस्टेट.

मग प्रश्न येतो गाळ काढायचा. झाकण उघडावं तर बुडबुडे पळणार, न उघडावं तर गिऱ्हाइकाच्या पेल्यात चिखल. म्हणून तळघरात घोड्या असतात: दोन जाड फळ्या माथ्याशी जोडून, पाय फाकून उभ्या केलेल्या, आणि फळ्यांना भोकंच भोकं. भोकात बाटलीची मान अडकवायची. रोज प्रत्येक बाटलीला बारीकसा झटका, थोडासा पीळ, आणि दर वेळी तिला किंचित अधिक डोक्यावर उभी करायची. असं करता करता गाळ घसरत मानेत येऊन बसतो. मग झाकण उडवलं की आतल्या जोराने गाळ स्वतःच बाहेर फेकला जातो. त्या क्षणी अंगठा दाबायचा, सांडलेल्याची भर घालायची, बूच ठोकायचं, बुचावर तार पिळायची.

झाकण उडवायचं काम बाबांकडे. बाबा स्वभावाने इतके सौम्य की माशी बसली तरी "जरा सरकता का?" असा चेहरा करायचे. सासरच्या धंद्यात आल्यावर त्यांच्या वाट्याला नेमके स्फोट आले. प्रत्येक बाटलीपूर्वी ते डोळे गच्च मिटून घेत. समोरच्या भिंतीवर गाळाचा थर चढला होता आणि बाबांच्या अंगठ्याला एक कायमचा घट्टा. पण एवढ्या वर्षांत झाकण उडताना त्यांनी कधी पाहिलं नाही.

मामा मात्र दोन्ही हातांनी, एका वेळी दोन बाटल्या, खळ्-खट्, खळ्-खट्, अशी अख्खी घोडी बघता बघता फिरवायचा. पूर्वी बाटल्या कधी कधी आपणहून फुटायच्या, म्हणून तोंडावर जाळीचा मुखवटा घालायचा नियम होता. तो घालून मामा जेवायच्या सुट्टीत वर आला की पाववाल्याचं कुत्रं गल्ली सोडून जायचं.

वर्षं गेली, तशी फिरवायची सवय हाताबाहेर गेली. किंवा हातातच राहिली म्हणा. मामा कुणाच्याही घरी गेला की बोलता बोलता समोरच्या बरण्या, बाटल्या, फुलदाण्या एकेक झटका देऊन किंचित फिरवायचा. न्हाव्याकडे दाढीला बसला की आधी तेलाच्या बाटल्या फिरवायचा, मग मान. एकदा एका आजारी शेजाऱ्याला बघायला गेला आणि तासाभराने उठला तेव्हा उशाशी ठेवलेल्या सगळ्या औषधांची लेबलं भिंतीकडे झाली होती. शेजाऱ्याने रात्री खोकल्याऐवजी सांधेदुखीचं औषध प्यायलं आणि, मामाच्या सुदैवाने, त्याला बरं वाटलं. माझ्या डोक्यावर दोन भोवरे आहेत. ते तान्हेपणी मामाने मला मांडीवर घेतल्यामुळे पडले, असं आई अजूनही डॉक्टरांना सांगते.

न्हाव्यानेच त्याचं नाव ठेवलं, फिरकी. ते चिकटलं, कारण ते दोन्हीकडून लागू पडत होतं. मामा इतक्या सरळ चेहऱ्याने खरं बोलायचा, की लोकांना वाटायचं हा आपली फिरकी घेतोय. त्याचं लग्नही त्यापायी दोनदा जमता जमता मोडलं. दुसऱ्या वेळी तर सगळं ठरलं होतं. मुलीने हौसेने गाणं म्हणून दाखवलं आणि विचारलं, "कसं वाटलं?"

मामाने मनापासून विचार केला आणि म्हणाला, "लांब."

आजोबा गेल्यावर धंदा आईकडे आला. आई मामाहून मोठी. तिच्याकडे आजोबांचं नाक होतं, आजोबांचा आवाज होता आणि आजोबांचा पायही होता, म्हणजे जिथे ठेवेल तिथून हलायचा नाही. तिच्या हातात मागणी वाढली. मामाचे हात मात्र दोनच राहिले. शेवटी आईने यंत्र घ्यायचं ठरवलं. मोठ्ठा लोखंडी पिंजरा. त्यात शेकडो बाटल्या डोकं खाली करून भरायच्या, बटण दाबायचं, आणि पिंजरा आपला आपण कलतो, वळतो, थांबतो, पुन्हा वळतो. माणूस नको.

आता हे मामाला सांगायचं कुणी?

घरात कुजबुज सुरू झाली. ज्या माणसाने उमेदीची सगळी वर्षं खाली अंधारात घालवली, त्याला सांगायचं की तुझी गरज संपली? आईने दोन दिवस सांगायचा प्रयत्न केला आणि दोन्ही दिवस त्याला नुसतंच जास्त वाढलं. शेवटी काम बाबांवर आलं. बाबांनी आरशासमोर सराव केला. मी दाराआडून ऐकत होते. "मेव्हणे, काळ कुणासाठी थांबत नाही." मग मान हलवून, "मेव्हणे, तुमचे उपकार हे घर विसरणार नाही." मग, "मेव्हणे, बसा. बसलात? बरं."

संध्याकाळी बाबा तळघरात उतरले. आई आणि मी जिन्यात उभ्या राहिलो. बाबांनी सवयीने डोळे मिटले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

खळ्-खट् थांबलं. आईने माझा हात घट्ट धरला.

"म्हणजे," मामाचा आवाज आला, "ते यंत्र सगळ्या फिरवणार?"

"हो."

"रोज?"

"हो, मेव्हणे. पण तुम्ही मनाला..."

"रविवारी पण?"

"रविवारी पण."

"आणि मी?"

"तुम्ही... वर. म्हणजे बघू काहीतरी."

"वर!" मामा म्हणाला, आणि आम्ही त्याचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. "मग इतकी वर्षं कुणाची वाट बघत होतात?"

यंत्र आलं त्या दिवशी मामाने ते स्वतः पुसलं. त्याच्यासमोर खुर्ची टाकली आणि हाताची घडी घालून बसला. पिंजरा कलला. मामाने कौतुकाने मान हलवली. पिंजरा वळला. "वा!" मामा म्हणाला. "काय काम करतंय! आणि मी न करता!"

सांत्वनाला लोक आले. त्यांची फार निराशा झाली. पाववाला तोंड पाडून म्हणाला, "हाताच्या कामाची सर यंत्राला येणार नाही."

"येते," मामा म्हणाला. "माझ्या थोड्या बाटल्या राहून जायच्या. याच्या राहत नाहीत."

"पण यंत्राला काही भावना असतात का?" न्हावी म्हणाला.

"मला तरी कुठे असायच्या? मला थंडी वाजायची."

दोघं बाहेर पडल्यावर न्हावी पाववाल्याला म्हणाला, "धक्का बसलाय बिचाऱ्याला. फिरकी घेऊन दुःख लपवतोय."

मामाला खरं म्हणजे हवं होतं एकच. ऊन. त्याची कातडी तळघरातल्या अळंबीसारखी झाली होती. तो अंगणात भिंतीला टेकून बसायचा आणि ऊन सरकलं की खुर्ची घेऊन त्याच्यामागे सरकायचा. महिन्याभरात त्याचं नाक भाजलं, कान सोलले, आणि तो इतका सुखी दिसायला लागला की आईला बघवेना.

"धडधाकट माणूस असा बसून राहतो?" ती बाबांना म्हणाली. आणि मग तिच्या डोक्यात परंपरा आली.

पलीकडच्या गावातल्या एका तळघराने पाहुण्यांसाठी फेऱ्या सुरू केल्या होत्या. लोक पैसे देऊन अंधारात उतरत, जुनी जळमटं बघत, दोन पेले पीत आणि सहा बाटल्या घेऊन जात. आईने ठरवलं, आपणही करायचं. दहा-बारा घोड्या जिन्याजवळ मांडून ठेवायच्या, त्यांवर मंद दिवे, आणि मामाने जाळीचा मुखवटा घालून बाटल्या फिरवायच्या. जिवंत परंपरा!

"मी जिवंत आहे म्हणूनच खाली जायचं नाही म्हणतोय," मामा म्हणाला.

"आठवड्यातून दोनदाच. आणि तू बोलायचं नाहीस. बोलणार मी."

पहिल्या फेरीला आईने आवाज खोल करून सुरुवात केली. "आमच्या पणजोबांनी एका शांत पहाटे, वाइनच्या पोटात दडलेला आनंद ओळखला. आणि त्या बुडबुड्यांना जपण्यासाठी..."

मुखवट्याच्या आतून मामा म्हणाला, "ताई, त्यांना बुडबुडे नको होते."

आईने ऐकलं नाही असं दाखवलं. पण पाहुण्यांनी ऐकलं होतं. एका बाईने विचारलं, "म्हणजे?"

मामाने मुखवटा वर केला. त्याला प्रश्न विचारला की उत्तर द्यायचंच हे त्याला लहानपणापासून शिकवलं होतं. "त्यांना साधी वाइन करायची होती. थंडी पडल्यावर आंबायचं थांबलं, त्यांना वाटलं झालं काम, आणि बाटल्या भरून टाकल्या. उन्हाळ्यात ते पुन्हा सुरू झालं. बाटल्या फुटायला लागल्या. पणजोबा तीन वर्षं बुडबुडे घालवायचा प्रयत्न करत होते. मग एका लग्नघरातल्या लोकांनी ती चुकून प्यायली आणि आणखी मागायला आले. तेव्हापासून ते म्हणायला लागले की मी मुद्दाम केली."

पाहुणे खदखदून हसले. आई पेटली होती, पण अंधारात दिसत नव्हतं.

"आणि शेवटी घालतात ती तुमची गुप्त भर?" दुसऱ्याने विचारलं. आईने नुकतंच सांगितलं होतं, की बाटली बंद करण्यापूर्वी जी भर घालतात तिची कृती घराण्यात कानोकानी चालत आली आहे.

"जुनी वाइन आणि साखर," मामा म्हणाला. "किती साखर, ते गुप्त."

त्या दिवशी कधी नव्हे एवढ्या बाटल्या खपल्या. पुढच्या फेरीला लोक दुप्पट आले आणि दारातच विचारायला लागले, "ते मुखवटेवाले गृहस्थ आहेत ना आज?"

आईने त्याला भाषण पाठ करायला लावलं. मामाने ते प्रामाणिकपणे पाठ केलं आणि कोर्टाचा हुकूम वाचावा तसं म्हटलं. पाहुणे जांभया देऊ लागले. शेवटी एकाने विचारलं, "बाटल्या फिरवताना मनात कोणते विचार येतात हो?" भाषणात याचं उत्तर नव्हतं.

"उजवीकडची झाली की डावीकडची," मामा म्हणाला. "आणि पाठ दुखते."

या उत्तरावर मागून एक हसू आलं. असं हसू की घोडीवरच्या बाटल्या किणकिणल्या. सगळ्यांनी वळून पाहिलं. जिन्यात बूचवाल्या बाई उभ्या होत्या.

वडिलांचा बुचांचा व्यापार त्यांनी नुकताच हातात घेतला होता. चाळिशीच्या, खांदे रुंद, कोटाचे दोन्ही खिसे बुचांनी फुगलेले. गावोगावी जाऊन नमुने दाखवायच्या. बूच पेल्यातल्या पाण्यात भिजत घालायचं आणि मग पाणी हुंगायचं, ही त्यांची पद्धत. त्या आईला नमुने दाखवायला आल्या होत्या, वर कुणी भेटेना म्हणून आवाजाच्या मागोमाग खाली आल्या. त्या दिवसानंतर त्यांचे नमुने दाखवणं फार वाढलं. आणि ते नेमकं फेरीच्या दिवशीच पडायचं. त्या मागे उभ्या राहायच्या आणि हसायच्या. आणि मामा, जो मुखवटा घालायला कुरकुर करायचा, तो आता मुखवटा पुसून, केस विंचरून खाली जायला लागला. मुखवट्याखाली केस कशाला विंचरायचे, हे बाबांनी त्याला विचारलं. मामाने खरं उत्तर दिलं, "माहीत नाही."

आणि मग ती दंतवैद्यांची फेरी झाली.

निवृत्त दंतवैद्यांचा एक गट बायकामुलांसह आला होता. फार चौकस माणसं. बाबा झाकण उडवत होते तेव्हा सगळे वाकून बाटलीच्या तोंडात बघत होते, आणि एकाने आपणहून बाबांना "घाबरू नका, दुखणार नाही" असा धीर दिला. फेरी संपली, सगळे वर आले. पुढच्या खोलीत पेले मांडलेले. बूचवाल्या बाई दाराशी. त्यांनी पुरवलेल्या नव्या बुचांच्या बाटल्या त्या दिवशी पहिल्यांदा उघडायच्या होत्या.

बाबांनी पहिली उघडली. फेस चांगला आला. दंतवैद्यांनी पेले नाकाला लावले आणि एकमेकांकडे बघितलं.

"वेगळीच आहे," एक म्हणाले.

"जुन्या काळाची आठवण होते," दुसरे म्हणाले. "आमच्या पहिल्या दवाखान्याच्या माळ्याची."

आईने आपला पेला हुंगला. तिचं नाक आजोबांचं. ओल्या पोत्याचा, कुबट, भिजून वाळलेल्या पुठ्ठ्याचा वास. भाजलेल्या पावाचा मागमूस नाही. तिने दुसरी बाटली उघडायला लावली. ती ठीक. तिसरी पुन्हा पोतं. एक चांगली, एक वाईट, म्हणजे वाइनचा दोष नाही. दोष बुचाचा. ती सावकाश दाराकडे वळली.

"बाई," ती म्हणाली, "हा काय प्रकार आहे?"

बूचवाल्या बाईंचा चेहरा पडला. त्या काही बोलणार, तेवढ्यात आई म्हणाली, "थांबा. मी म्हटलं तर उगाच भांडण होईल. माझा भाऊ आहे इथे. त्याला खोटं बोलता येत नाही, हे अख्ख्या गावाला माहीत आहे." तिने पेला मामाच्या हातात दिला. "सांग रे. वास कशाचा?"

मामाने वास घेतला. मग बूचवाल्या बाईंकडे बघितलं. मग पुन्हा वास घेतला. त्याचे सोललेले कान हळूहळू लाल झाले. कपाळावर घाम आला. खोलीत सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि दंतवैद्यांना त्याची सवय होती, ते दाताकडे बघत होते.

"वास," मामा म्हणाला, "माझा आहे."

"तुझा?"

"मी आज आंघोळ केली नाही." तो थांबला. अजून काहीतरी हवं असं त्याला वाटलं असावं. "काल पण नाही."

दंतवैद्य एकजात एक पाऊल मागे सरकले. पण त्यांच्यातल्या एकांची पत्नी, बहुधा आयुष्यभर नवऱ्याच्या निदानावर विश्वास नसलेली, पुढे आली आणि तिने मामाच्या खांद्याजवळ नाक नेलं. "छे हो," ती म्हणाली. "यांना तर चांगला साबणाचा वास येतोय. आणि केसांना तेलाचा."

"तो... तो न्हाव्याचा आहे," मामा म्हणाला आणि पूर्णच अडकला.

"पुरे," बूचवाल्या बाई म्हणाल्या. त्या पुढे आल्या, टेबलावरचं बूच उचललं, नाकाला लावलं. "बूच माझं सडकं आहे. झाडाच्या सालीतच कधी कधी बुरशी धरते. बाहेरून काही कळत नाही. मी नमुने हुंगले होते, पण सगळी बुचं हुंगायला हजार नाकं लागतील. अख्खी खेप परत नेते आणि दुसरी देते. यांना उगाच अंघोळीवरून बोलू नका."

आईने बूचवाल्या बाईंना काही म्हटलं नाही. ती सगळी मामावर उलटली. दंतवैद्यांसमोरच. "जन्मभर मला खरं ऐकवलंस! माझा नवा कोट, माझं भाषण, माझ्या लग्नातला माझा फोटो, कशालाही एकदा तरी बरं म्हणाला असशील तर शपथ! आणि आज खोटं बोललास? तेही एका परक्या बाईसाठी?"

बाबा बाटलीवर वाकलेले होते. ते मान वर न करता म्हणाले, "परकी फार दिवस राहील असं वाटत नाही."

त्यांनी डोळे मिटून बूच उडवलं, आणि सगळ्यांना हसायला निमित्त मिळालं.

पुढचं मला मामीने सांगितलं, म्हणजे तेव्हाच्या बूचवाल्या बाईंनी. संध्याकाळी पेट्या गाडीत चढवताना मामा मदतीला गेला होता.

"खोटं का बोललात?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यांदाच बोललो. नीट जमलं नाही."

"पुन्हा बोलू नका."

"बरं."

"मी हसते ते फार मोठ्याने हसते का?"

"हो."

"लोकांना त्रास होतो?"

"लोकांचं माहीत नाही. मी वाट बघतो."

त्या पेटीवर बसल्या, म्हणे. मग म्हणाल्या, "माझ्याकडे फिरतीला माणूस पाहिजे. दिवसभर गाडी, उघडा रस्ता. उन्हाचं काम आहे, चालेल?"

मामाने आजवर कुठल्याही प्रश्नाला इतक्या झटकन उत्तर दिलं नव्हतं.

लग्न नोंदणी कचेरीत झालं. साक्षीदार म्हणून बाबा आणि न्हावी. आई रुसून येणार नव्हती, पण आली, आणि स्वतःच्या हाताने ठेवणीतल्या वाइनची पेटी घेऊन आली. कचेरीतल्या कारकुनाने मामीला नियमाप्रमाणे विचारलं, की आपण हे स्वखुशीने करत आहात ना, तेव्हा मामी इतक्या मोठ्याने हसली की शेजारच्या खिडकीतल्या माणसाने हातातलं काम सोडून टाळ्या वाजवल्या.

ज्या माणसाला गिऱ्हाइकांपासून लपवून ठेवलं होतं, तो आता गावोगाव बुचं विकत हिंडतो. आणि चांगली विकतो. तो दुकानात शिरला की आधीच सांगतो, "यातली काही खराब निघणार. कोणती ते मला माहीत नाही. निघाली की कळवा, बदलून देतो. दुसरे व्यापारी खराब निघणार नाहीत म्हणतात. त्यांची पण निघतात." वाइनवाली मंडळी संशयी. पण असं बोलणाऱ्या माणसाच्या मागे चाल असणार असं समजून ती चाल शोधत राहतात, आणि तोवर बुचं घेतात. मामी म्हणते, तिच्या वडिलांच्या हयातीत झाला नाही एवढा धंदा होतोय, फक्त गाडीत हसून हसून तिच्या बरगड्या दुखतात.

आईने फेऱ्यांसाठी पगार देऊन एक नट ठेवला. रुंद छातीचा, आवाज घुमणारा. तो मुखवटा असा काढायचा की बायका श्वास रोखायच्या. पणजोबांची शांत पहाट तो अशी रंगवायचा की आईच्या डोळ्यांत पाणी यायचं. पाहुणे नम्रपणे ऐकायचे, आणि बाहेर पडताना विचारायचे, "ते दुसरे गृहस्थ वारले का?"

मागच्या महिन्यात आई मामाच्या घरी गेली. मीही होते. घर लहान, दक्षिणेला मोठी खिडकी, खिडकीत मामाची खुर्ची. मामा आता चांगला तांबूस झालाय. आईने चहा घेतला, खिडकीचं कौतुक केलं, मग पडद्यांचं, मग हवेचं. शेवटी म्हणाली, "रविवारी मोकळा असतोस का रे?"

"असतो."

"म्हणजे मी आपलं सहज विचारते. फक्त पाहुण्यांशी बोलायला. मुखवटा नको. भाषण नको. जे बोलायचं ते बोल."

मामाने मामीकडे पाहिलं. मामी म्हणाली, "येतील ते. पण खाली उतरणार नाहीत. पाहुण्यांना अंगणात आणायचं."

"अंगणात काय बघणार लोक?" आई म्हणाली. "परंपरा खाली आहे."

"मग परंपरेला वर आणा."

आईने कप खाली ठेवला. तिचा पाय जिथे ठेवेल तिथून हलायचा नाही, हे मी सांगितलंच आहे. तिने दुसरा चहा मागितला, तो अर्धा प्यायला, आणि मग म्हणाली, "दोन घोड्या भिंतीला लावता येतील. सावलीत."

"ताई," मामा म्हणाला, "बाटल्या सावलीत. मी उन्हात."